स्पॅनिशसाठी इंग्रजीची पायरी कशाला?

स्पॅनिश शिकायला बसलेला मराठी माणूस पहिल्याच धड्यापासून इंग्रजीचं बोट धरतो आणि उगाच अडखळतो. ‘मे गुस्ता एल काफे’ हे इंग्रजीतून उलटंपालटं वाटतं. ‘मला कॉफी आवडते’ म्हणणाऱ्याला त्यात नवल ते काय? वस्तू अनेक झाल्या की ‘गुस्तान’, जसं मराठीत ‘आवडतात’. स्पॅनिश ‘तू’मधला त सुद्धा आपलाच, ट नव्हे.

‘तुम्ही’सारखा आदरार्थी ‘उस्तेद’ही परका नाही. मात्र बोगोटात तो घरच्या माणसांतही ऐकू येतो, तर ब्वेनोस आयरेसमध्ये मित्राला ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात.

क्रियापदांचे तक्ते नंतर घोकावेत. माद्रिदच्या कॅफेत शिरताना ‘ब्वेनास’, मग कॉफी मागायला ‘मे पोने उन काफे?’ आणि निघताना बिलासाठी ‘ला क्वेंता, पोर फाबोर’ एवढ्यावर सकाळ छान निभते.