बॅटरी बदलण्याआधी मोजा



सकाळी गाडीने सेल्फ घेतला नाही की आपल्याकडे निदान आधीच ठरलेले असते : बॅटरी गेली, नवी टाका. हजार-दीड हजार रुपये खर्च होतात, गाडी सुरू होते आणि सगळे खूश होतात. पण पुष्कळदा महिन्याभरात नवी बॅटरीही मान टाकते. मग दुकानदाराला दोष, कंपनीला दोष, शेवटी नशिबाला दोष. बॅटरी उतरली हे खरे, पण ती का उतरली, हा साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. हा प्रश्न विचारायला आणि त्याचे उत्तर मोजून काढायला शाळेने शिकवले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरच्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. सकाळी टाकी रिकामी दिसली तर आपण लगेच नवी टाकी आणत नाही. टाकीला चीर आहे का, नळाला पाणी आले होते का, की रात्रभर एखादी तोटी गळत होती, हे आधी पाहतो. मोटरसायकलची गोष्ट तशीच आहे. बॅटरी स्वतः खराब असेल, इंजिन चालू असताना तिच्यापर्यंत करंट पोहोचत नसेल किंवा गाडी बंद असताना कुठेतरी करंट गळत असेल. तीन रोग, लक्षण एकच.

पूर्वी बॅटरी बसली तरी किक मारून काम भागत असे. आता तसे राहिले नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि पेट्रोलचा पंपही विजेवर चालू लागला. कित्येक गाड्यांना किकच नाही. रात्री आठ वाजता कोचिंगच्या बाहेर एखाद्या मुलीची स्कूटर बंद पडली तर ती ढकलण्याशिवाय तिच्या हाती काही उरत नाही. म्हणून हा विषय आम्ही फक्त मुलांचा मानत नाही.

निदानासाठी मोठे यंत्र लागत नाही. काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. पण आधी डोळ्यांनी पाहावे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली आहे का, नटबोल्ट ढिले आहेत का, फ्यूज ठीक आहे का? पुष्कळशा तक्रारी इथेच मिटतात.

मग गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीचा व्होल्टेज पाहावा. नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचा व्होल्टेज सुमारे २.१ असतो. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडे अधिक दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी बॅटरी खराबच असते असे नाही. आधी ती चार्जरवर पूर्ण भरावी, मग सेल्फ दाबताना मीटर पाहावा. भरलेली असूनही आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर मात्र बॅटरी थकली असे समजावे.

आता इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी. बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक आहे. रेस देऊनही आकडा बारा-साडेबारावरच राहिला तर करंट पोहोचत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरी अक्षरशः उकळवतो, आणि अशा गाडीत नवी बॅटरी टाकणे म्हणजे तिचाही बळी देणे.

चार्जिंग होत नसेल तर कॉईल दोषी की रेक्टिफायर, हे ठरवावे लागते. कॉईलचे कपलर काढून तिच्या तारांमधला एसी व्होल्टेज मोजतात. ज्या गाड्यांत तीन पिवळ्या तारा असतात, त्यांत कोणत्याही दोन तारांमध्ये आकडा जवळपास सारखा यायला हवा आणि रेसबरोबर वाढायला हवा. इंजिन बंद करून पाहिले तर यातली कोणतीही तार बॉडीशी जोडलेली दिसता कामा नये. कॉईल निर्दोष ठरली तर संशय रेक्टिफायरवर किंवा मधल्या जळक्या कपलरवर जातो. छोट्या गाड्यांची रचना थोडी वेगळी असते, तिथे गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा.

शेवटची तपासणी गळतीची. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि बॅटरी व तार यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावावा. या वेळी चावी फिरवू नये, सेल्फ तर मुळीच दाबू नये. काही मिलिअँपिअर गळती चालते. पण समजा १०० मिलिअँपिअर निघाली, तर ५ अँपिअर-तासांची बॅटरी किती वेळात रिकामी होईल? सातवीतला विद्यार्थीसुद्धा सांगेल : ५० तासांत, म्हणजे दोन दिवसांत. बाहेरून बसवलेला हॉर्न किंवा अलार्म पुष्कळदा इथे पकडला जातो.

काही पालक म्हणतील, हे मिस्त्रीचे काम आहे, शाळेचे नव्हे. मिस्त्रीचे काम मिस्त्रीनेच करावे, हे आम्हांस मान्य आहे. पण तो सरळ बॅटरी बदलतो याचे एक कारण आपण स्वतः आहोत. आपल्याला पाच मिनिटांत गाडी हवी असते आणि तपासणीची मजुरी द्यायची तयारी नसते. निदानाला किंमत नाही, सुट्या भागाला आहे, असा हा व्यवहार आहे. यात पैसा तर जातोच, शिवाय चांगली बॅटरी भंगारात जाते. तिच्यातले शिसे आणि तेजाब माती-पाण्याला विष आहेत. म्हणून खरोखर निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच परत करावी.

दुसरी गोष्ट अधिक मनाला लागणारी. १८३१ साली फॅरडेने चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज निर्माण करून दाखवली. बारावीचा विद्यार्थी ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि डायोडचे कार्य पाठ करून पूर्ण गुण मिळवतो. आम्ही भौतिकशास्त्र हिंदी माध्यमातून शिकलो. प्रत्यावर्ती धारा आणि दिष्ट धारा हे शब्द तिथेही हेच होते. पण पुस्तकातली प्रत्यावर्ती धारा त्याच्याच गाडीच्या कॉईलमध्ये निर्माण होते आणि रेक्टिफायर तिची दिष्ट धारा करून बॅटरीला देतो, हे त्याला कोणी दाखवत नाही. इकडे मिस्त्रीच्या हाताला हे सगळे ठाऊक असते, पण त्याच्या ज्ञानाला आपण शिक्षण म्हणत नाही. हे दोघे एकमेकांना भेटतच नाहीत, यात दोघांचेही नुकसान आहे.

म्हणून आमचा प्रस्ताव असा : महिन्यातून एका शनिवारी नववी ते बारावीच्या मुला-मुलींसाठी निदानाचा तास असावा. जवळच्या एखाद्या अनुभवी मिस्त्रीस मानधन देऊन पाहुणे शिक्षक म्हणून बोलवावे, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यांच्याबरोबर उभे राहावे. विद्यार्थ्यांनी वहीत आधी अंदाज लिहावा, मग आकडा, मग निष्कर्ष. बॅटरीजवळ ज्योत नेऊ नये, डोळ्यांवर चष्मा असावा, तार काढताना आधी निगेटिव्ह आणि जोडताना ती शेवटी, हे नियम पहिल्याच दिवशी शिकवावेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती मोटरसायकल देऊ नये, हा आमचा आग्रह कायम आहे. पण गाडी समजून घ्यायला वयाची अट नाही.

पुढच्या पालक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्या पालकांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी अवश्य पुढे यावे. तोवर एवढेच करावे : गाडी रुसली तर दुकानात जाऊन ‘नवी बॅटरी द्या’ म्हणण्याआधी ‘जरा मोजून सांगता का?’ असे विचारावे, आणि मोजणाऱ्याला त्याची मजुरी आनंदाने द्यावी.