फोन मुंबईचा, पैसे बदनापूरचे

मंदी आली की लोक हॉटेलिंग कमी करतील, नवा शर्ट पुढे ढकलतील, पण फोन सोडतील? छे! म्हणून बाजार पडला की टेलिकॉमचे शेअर्स उचलायचे. हा फंडा मला थेट बदनापूरहून ऐकायला मिळाला. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या मधलं हे आमचं गाव. आत्येभावाकडे मोसंबीचे पैसे आलेत आणि 'दादा, कोणता शेअर घेऊ?' हे टुमणं सुरू आहे. धाकटीचं लग्न पुढच्या वर्षी आहे, हे त्याने अगदी शेवटी सांगितलं.

बॉस, ही आयडिया जुनीच आहे. 2 जुलै 1997 ला थायलंडने बाथ मोकळा सोडला आणि आशियातली चलनं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. आपला रुपया डॉलरला 36 च्या आसपास होता, तो वर्षभरात 42 पर्यंत घसरला. त्या घबराटीत 'सेफ' काय? तर सरकारी टेलिफोन. परदेशी कॉलचा एकमेव दरवाजा म्हणजे व्हीएसएनएल. जाणाऱ्या कॉलपेक्षा येणारे जास्त आणि हिशेब डॉलरमध्ये, म्हणजे रुपया पडला तरी हिची चांदीच! मुंबई-दिल्लीच्या लँडलाइनवर एमटीएनएलचं राज्य. डिसेंबर 1997 मध्ये, ऐन वादळात, सरकारने तिचे शेअर्स जीडीआरच्या रूपाने परदेशात विकलेसुद्धा. गंमत बघा, बदनापूरच्या माणसाला मुंबईच्या फोनचा शेअर घेता येत होता, पण स्वतःच्या घरातल्या फोनचा नाही. तो दूरसंचार खात्याचा. 2000 मध्ये त्याचं बीएसएनएल झालं, पण ते शेअर बाजारात कधी आलंच नाही.

आशियाई संकट या दोघींनी निभावून नेलं. फटका बसला तो नंतर, आणि दिल्लीतल्या कागदांवरून. लायसन्स फीच्या ओझ्याने वाकलेल्या खासगी मोबाइल कंपन्यांना 1999 च्या धोरणाने उत्पन्नातला वाटा देऊन सुटण्याची सोय केली. 1 एप्रिल 2002 ला परदेशी कॉलची मक्तेदारी संपली. मे 2003 पासून मोबाइलवर इनकमिंग फुकट! मग लँडलाइनसाठी कोण रांगेत थांबणार? एमटीएनएलवर पुढे बँकांचे हप्ते थकवायची वेळ आली.

मग खासगीवाले सगळे जिंकले का? भारतीचा शेअर 2002 च्या सुरुवातीला 45 रुपयांना आला आणि वर्षभरात निम्म्याजवळ घसरला. तेव्हा जे धरून बसले, त्यांचं पुढे सोनं झालं. पण त्याच धंद्यातली आरकॉम 2019 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाच्या एजीआर निकालाने व्होडाफोन आयडियाला जेरीस आणलं. फोन तर तेव्हा सगळ्यांच्याच हातात होता! लोक बोलतच राहतात हो. पैसा कुणाच्या खिशात जाणार, ते लायसन्स, स्पेक्ट्रम आणि दरयुद्ध ठरवतं.

भावाला मी दोन आकडे बघायला सांगितलेत : कंपनीवरचं कर्ज आणि एका ग्राहकामागे महिन्याला मिळणारे पैसे. त्यानंतर वाटलं तर थोडे घे म्हटलं. लग्नाची रक्कम मात्र बँकेत, एफडीत. तो जरा फुगलाय. आत्या खूश आहे.