अठरा पूर्ण झाली, नोंद संपली

सोयाबीनचा हंगाम लागला की वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या बाजार समितीत शाळा सुटलेल्या पोरांच्या हातांना काम मिळते. हर्रास, काटा, कट्ट्यांची चढउतार. त्या गर्दीत एखादा असा असतोच, ज्याला काम जमते पण थांबणे जमत नाही. काट्यावर पाळी येईपर्यंत त्याला धीर निघत नाही, मापाऱ्याशी खटका उडतो आणि दुसऱ्या दिवशी तो फिरकत नाही. महिन्यात तिसरे काम सुटते. गावाने त्याचे नाव केव्हाच ठेवलेले असते : वांड पोट्टं.

या वांडपणामागे कित्येकदा अतिचंचलता किंवा वर्तनविकार असतो. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. वय वाढले म्हणून हे विकार आपोआप जात नाहीत. अतिचंचलतेची लक्षणे अनेकांत मोठेपणीही टिकतात.

व्यवस्था मात्र वय पाहून थांबते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अतिचंचलतेची तपासणी आहे, पण 18 वर्षांपर्यंतच. अध्ययन अक्षमतेचा दाखला असेल तर दहावी-बारावीला वाढीव वेळ मिळतो. पुढे ना शाळा, ना गुरुजी, ना तपासणीचे पथक. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहे. अतिचंचलतेचे नाव स्वतंत्रपणे नाही.

अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलासाठी सोळाव्या वर्षापासूनच शाळेनंतरच्या आयुष्याचा आराखडा करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तो भार एकट्या आईबापावर पडतो आणि त्यांना सल्ला मिळतो, 'लग्न करून द्या, सुधारेल.' त्याने एका घराचे दुखणे दोन घरांचे होते.

अठरानंतरही या मुलांची साथ न सोडण्याचे काम वाशिम जिल्ह्याला अशक्य नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात वाशिम आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करायची आणि गरज असलेल्याला उपचारापर्यंत न्यायचे, ही त्याची रीत. बापाची विचारपूस करणाऱ्या ताईने त्याच ओसरीवर बसलेल्या पोराचीही करावी. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर अशा मुलांची माहिती, पालकांच्या संमतीने, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे जावी. आयटीआयमध्ये महिन्यातून एक दिवस समुपदेशक बसावा. आडते, गॅरेजवाले आणि दुकानदारांनी अशा मुलाला एका वेळी एकच काम सांगावे, मध्ये थोडी उसंत द्यावी आणि पहिल्या खटक्याला घरी पाठवू नये.

तोवर घरच्यांनी निदान एक फोन करावा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. तिथे अठराची अट नाही.