गाण्याचे शब्द आणि डोळ्यांपुढील चित्र

पौडाहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशीच्या जलाशयाजवळ माले हें गांव आहे. तेथील एका परिचित कुटुंबांतील मुलांनीं गेल्या पावसाळ्यांत आपल्या आजीच्या जात्यावरील ओव्यांची चित्रफीत तयार केली. ती पाहण्याचा योग आम्हांस आला. ओवी माहेराची, आवाज थकलेला, पण गोड. पडद्यावर मात्र धुकें, धबधबे, नऊवारी नेसून हंसणारी एक तरुणी आणि जलाशयाचें विस्तीर्ण पाणी. सर्वांनीं वाहवा केली. आजीबाई तेवढ्या गप्प होत्या. विचारतां त्या म्हणाल्या, "ही ओवी माझ्या आईची. तिचं माहेर ह्याच पाण्याखाली गेलं. पाणी दाखवलंत रे, पण ते कशावर उभं आहे, हे कुणी विचारलंच नाही."

ह्या बोलण्यानें आम्हीं विचारांत पडलों. 1921 सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं मुळशीचा सत्याग्रह झाला, तो ह्याच धरणाविरुद्ध. तरीहि पुढें धरण झालें आणि मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी व घरें पाण्याखालीं गेलीं. हें ठाऊक असणाऱ्यास तें पाणी म्हणजे त्या ओवीचाच अर्थ. ठाऊक नसणाऱ्यास केवळ सृष्टिशोभा. चित्र एकच, परंतु शब्दांशीं त्याचें नातें जुळलें नव्हतें.

गीत आणि दृश्य यांचा संबंध किती निरनिराळ्या प्रकारचा असूं शकतो, हें 'प्रभात'च्या बोलपटांनीं पूर्वींच दाखविलें आहे. 'संत तुकाराम' (1936) ह्या चित्रपटाच्या आरंभीं विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा एक अभंग तल्लीन होऊन गातात. लगेच सालोमालो तोच अभंग स्वतःचा म्हणून नखऱ्यानें आळवितो. शब्द तेच, पण चित्र बदलतांच भक्तीचें ढोंग होतें. 'माणूस' (1939) मध्यें शांता हुबळीकर यांच्या तोंडीं उद्यांची चिंता झुगारणारें गाणें आहे. भोंवतीं कोठ्याची कळा असल्यामुळें त्या आनंदांतील करुणा प्रेक्षकास आपोआप कळते. म्हणजे चित्रानें शब्दांची नक्कलच करावी असें नाहीं. तें शब्दांना विरोध करूनहि अर्थ वाढवूं शकतें. मात्र त्यासाठीं करणाऱ्यास तो अर्थ आधीं समजलेला असला पाहिजे.

जात्यावरील ओव्यांच्या बाबतींत तर ही जबाबदारी अधिकच. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनीं गांवोगांवच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत मुळशी तालुक्यांतील स्त्रियांचा वांटा मोठा आहे. 2017 पासून 'परी' ही संस्था त्या ओव्या शब्द, आवाज व चित्रफिती यांसह लोकांपुढें ठेवीत आहे. तेथें गाणारी बाई स्वतः दिसते; तिचें नांव व गांव कळतें. दळणें थांबल्यावर ओवी आठवणीवर जगते, आणि आठवण गाणारीच्या चेहऱ्यावर असते. तो चेहरा झांकून सुंदर तरुणी उभी करणें म्हणजे पोथी फेंकून वेष्टन जपणें होय.

आतां प्रत्येक घरांत चित्रें घेण्याचें साधन हातांतच आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वडील बायका ओव्या, भूपाळ्या, भोंडल्याचीं गाणीं म्हणतात, त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: आधीं डोळे मिटून गाणें ऐकावें, मग तें कोणाचें, कोणासाठीं, कधीं म्हटलें जाई, हें विचारावें, आणि नंतरच चित्र घ्यावें.

माल्याच्या मुलांनीं आतां ती फीत पुन्हां केली आहे. धबधबे व तरुणी काढून टाकलीं. आजीबाई पाण्याकांठीं बसून ओवी म्हणतात, आणि मध्येंच बोट करून दाखवितात: "तिथं." पाणी तेंच आहे; पण आतां तें पाहतांना कोणी वाहवा करीत नाहीं, सर्व गप्प बसतात.