उल्का खरी की बनावट? डॅन ब्राऊनच्या कादंबरीवर वाचकांची दोन मते का. आणि बुलढाण्याच्या लोणारचा इथे संबंध काय?

नांदुरा : बर्फाखाली सापडलेली उल्का, तिच्यात परग्रहावरील किड्यांचे जीवाश्म, तोंडावर आलेली अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूक आणि पुरावा तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मागे लागलेले मारेकरी. डॅन ब्राऊन यांची 'डिसेप्शन पॉइंट' ही कादंबरी २००१ मध्ये आली. तिच्यावरचे वाचकांचे एकमत मात्र आजही झालेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राऊन यांची 'द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स' बाजारात आली. तिच्यातही मेंदूविज्ञान आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणा यांची सांगड असल्याने जुना वाद पुन्हा निघाला आहे. यातले विज्ञान कितपत खरे मानायचे?

कादंबरीत नेमके काय आहे?

नासावर अब्जावधी डॉलर उधळले जातात, हा पैसा शाळांवर खर्च करा, असा प्रचार करत सिनेटर सेजविक सेक्स्टन अध्यक्षांना घाम फोडतो. त्याच वेळी उत्तर कॅनडातील मिल्न हिमस्तरात नासाला उल्का सापडते. अध्यक्ष ती टीव्हीवरून जगाला सांगणार असतात. खात्री करण्यासाठी नासाबाहेरचे शास्त्रज्ञ तिथे नेले जातात, आणि त्यांच्यासोबत सिनेटरचीच मुलगी रेचल, जी गुप्तचर विश्लेषक आहे. शंभराहून अधिक छोट्या प्रकरणांची ही धावपळ साधारण एका दिवसात आटोपते.

वाचकांचे म्हणणे काय?

आवडणारे म्हणतात, पुस्तक खाली ठेववत नाही. प्रत्येक प्रकरण अर्धवट जागी तुटते, त्यामुळे 'आणखी एकच' म्हणत रात्र जाते. धर्म, चर्च, सांकेतिक चिन्हे यांचा कंटाळा आलेल्यांना इथे निखळ तंत्रज्ञान मिळते.

न आवडणाऱ्यांच्या तक्रारी दोन प्रकारच्या आहेत. पहिली साच्याची. २००३ मध्ये 'द दा विंची कोड' गाजली आणि तोवर फारशा न खपलेल्या ब्राऊन यांच्या आधीच्या तीन कादंबऱ्या लोकांनी शोधून वाचल्या. 'डिसेप्शन पॉइंट' त्यातली तिसरी. एक पुस्तक आधी वाचलेल्याला दुसऱ्यातला खलनायक निम्म्यातच ओळखू येतो. शिवाय हिमकडा, बर्फाचा तुकडा, समुद्र, शार्क या सगळ्यांतून नायक-नायिका जिवंत सुटतात, हेही अनेकांना पचत नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लेखक सांगतो की, यात आलेल्या संस्था खऱ्या आहेत आणि वर्णन केलेले सर्व तंत्रज्ञान अस्तित्वात आहे. गोष्ट म्हणून वाचणारा ही ओळ विसरून जातो. ती गांभीर्याने घेणारा प्रत्येक पान तपासत वाचतो, आणि मग चिडतो. मते दुभंगण्याचे मोठे कारण ही एक ओळ आहे. नुसती 'काल्पनिक कथा' एवढे लिहिले असते, तर निम्मे भांडण झालेच नसते.

राजकारणाचा भाग मात्र चांगला टिकला आहे. सिनेटरला छुपा पैसा पुरवणाऱ्या खासगी अवकाश कंपन्या २००१ मध्ये लांबच्या वाटत होत्या. आज नासाचे अंतराळवीर स्पेसएक्सच्या यानातून जातात, आणि भारतातही नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूटचे 'विक्रम-एस' हे खासगी रॉकेट उडाले.

विज्ञान कुठे अडखळते?

(कादंबरी अजून वाचायची असेल तर हा भाग नंतर वाचा. इथे मुख्य रहस्य फुटते.)

उल्का बनावट असते. समुद्राच्या खोल गर्तेतला दगड बर्फात खालच्या बाजूने घुसवलेला असतो. शास्त्रज्ञ फसतात ते तीन खुणांमुळे. दगडावरची जळकी साल, निकेलचे प्रमाण आणि 'कॉन्ड्रूल' नावाचे बारीक गोल दाणे. साल इंजिनाच्या ज्वाळेने तयार करता येते आणि दाणे समुद्रतळाच्या प्रचंड दाबाखालीही बनू शकतात, असा कादंबरीचा खुलासा आहे.

साल जाळता येईल, हे एकवेळ मान्य. दाण्यांचे गणित मात्र जुळत नाही. कॉन्ड्रूल हे सूर्यमाला घडत असताना अवकाशात वितळून झपाट्याने थंड झालेले थेंब आहेत. नुसत्या दाबाने ते तयार होत नाहीत. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. अवकाशात फिरणाऱ्या दगडावर लाखो वर्षे वैश्विक किरणांचा मारा होतो आणि त्यातून बेरिलियम-१०, अ‍ॅल्युमिनियम-२६ अशी समस्थानिके दगडाच्या आत तयार होतात. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे गुणोत्तरही पृथ्वीवरच्या दगडापेक्षा वेगळे असते. समुद्रतळातल्या दगडात हे कोणालाच भरता येणार नाही. एक तुकडा चांगल्या प्रयोगशाळेत गेला असता, तर कट काही दिवसांत उघडा पडला असता. म्हणूनच लेखकाने शास्त्रज्ञांना बर्फात, घाईत आणि गुप्ततेत ठेवले आहे. कथेसाठी ही युक्ती चोख आहे.

असे खरेच घडले होते का?

खोट्या उल्केचे नाही, पण घोषणेचे घडले होते. २७ डिसेंबर १९८४ रोजी अंटार्क्टिकातील अ‍ॅलन हिल्स भागात सुमारे दोन किलोचा एक दगड सापडला. नाव पडले एएलएच ८४००१. तो मंगळावरून आलेला असल्याचे पुढे कळले. ७ ऑगस्ट १९९६ रोजी नासाच्या शास्त्रज्ञांनी त्यात प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असू शकतात असे जाहीर केले आणि अध्यक्ष बिल क्लिंटन त्याच दिवशी व्हाइट हाउसमधून त्यावर बोलले. ते वर्षही निवडणुकीचेच होते.

पुढे मात्र कादंबरीसारखे काही झाले नाही. दगडाचे तुकडे वेगवेगळ्या प्रयोगशाळांना मिळाले. त्या 'खुणा' जीवाशिवायही तयार होऊ शकतात, असे एकामागून एक अभ्यास आले. २०२२ मधील संशोधनात त्यातले सेंद्रिय पदार्थ पाणी आणि खडक यांच्या रासायनिक क्रियेतून आल्याचे मांडले गेले. आज बहुतेक शास्त्रज्ञ जीवसृष्टीचा दावा मान्य करत नाहीत. यासाठी कोणालाही मारेकरी पाठवावे लागले नाहीत.

बुलढाण्याचा संबंध काय?

नांदुरा घाटाखाली, लोणार घाटावर; जिल्हा एकच. दगड खरे बोलतो की खोटे, हा प्रश्न या जिल्ह्यात दीडशे वर्षे प्रत्यक्ष चालला. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारच्या विवराची नोंद केली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा दख्खनच्या ज्वालामुखीय खडकात असल्याने तो ज्वालामुखीचेच तोंड असावे, असे मानणे साहजिक होते. १८९६ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातील विवराशी त्याची तुलना केली, तरी निकाल लागला नाही. विवराच्या तळात खोदकाम करून काढलेल्या खडकात 'मॅस्केलिनाइट' ही प्रचंड आघातानेच बनणारी काच मिळाली. १९७३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताचा पक्ष जिंकला. वय किती यावर वाद पुढेही चालला. आधीचा अंदाज सुमारे ५२ हजार वर्षांचा होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने तो सुमारे ५ लाख ७० हजारांवर नेला. एवढी तफावत कादंबरीत आली असती, तर 'कोणीतरी लपवतंय' असा संशय वाचकाने नक्की घेतला असता.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाही मोबाइलवर तर्कांचा पूर आला. वन विभागाने नमुने तपासायला दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात हॅलोआर्किया हे खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव आढळले.

नांदुऱ्याच्या शेजारच्या शेगाव तालुक्यात प्रकरण अधिक जिवाला लागणारे होते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. आधी पाण्यावर संशय गेला, काहींनी 'टक्कल व्हायरस' असे नावही देऊन टाकले. आयसीएमआरची पथके आली, रक्त, पाणी, धान्याचे नमुने घेतले गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपासण्या करून रेशनच्या गव्हातील जास्त सेलेनियमकडे बोट दाखवले. बऱ्याच जणांचे केस नंतर परत येऊ लागले. पण एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांत काहींची नखे गळू लागली. शरीरात सेलेनियम जास्त झाले की केसांसोबत नखांवरही परिणाम होतो.