नाव चुकले, शोध भरकटला

उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावा आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहे. १९७०च्या दशकात तिथल्या पिकावर दक्षिण अमेरिकेतला पिठ्या ढेकूण पडला आणि शेतेच्या शेते उजाड झाली. त्याचा नैसर्गिक शत्रू शोधायला शास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात गेले. तिथे हुबेहूब तसाच ढेकूण सापडलाही. पण त्याच्यावर जगणारे कीटक आफ्रिकेतल्या ढेकणावर वाढेनात! वर्गीकरणतज्ज्ञांनी बारकाईने पाहिले, तेव्हा उलगडा झाला. ही जातच निराळी होती. हिच्यात नर होते. आफ्रिकेतली जात नराशिवायच वाढत होती.

खरी जात १९८१मध्ये पॅराग्वेत मिळाली. तिच्यावर जगणारा दीडेक मिलिमीटरचा कीटक आफ्रिकेत सोडला आणि कसावा वाचला. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ढेकूण ओळखणारे मात्र नेहमीप्रमाणे पडद्याआडच राहिले.

अशा जाणकारांची संख्या घटते आहे. एक निवृत्त झाला की त्याची जागा भरत नाही; पैसा आणि तरुण मंडळी रेणूजीवशास्त्राकडे वळतात. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने याबद्दल १९९२, २००२ आणि २००८ असा तीनदा इशारा दिला.

तोच ढेकूण २०२०मध्ये केरळात आढळला. यावेळी ओळख पटायला उशीर झाला नाही. बेनिनहून २०२१मध्ये आणलेला तोच चिमुकला कीटक पुढच्या वर्षी साबुदाण्याच्या सेलममध्ये सोडण्यात आला.