विविधता ही महानगरांची मिरास नव्हे

विविधता पाहायची तर न्यूयॉर्कला जावं, असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. तिथल्या क्वीन्स भागात शंभरावर भाषा बोलल्या जातात, हे खरंच. पण लगेच पुढचं वाक्य येतं: धाराशिवसारख्या जिल्ह्यात काय, सगळं एकसुरी!

हा निकाल देणारे याच जिल्ह्यातल्या तेर गावी गेलेले नसतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘तगर’ नावाची पेठ येते, ती हीच. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तिथून समुद्रापार. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली पाहावी. पॉम्पेईतल्या तशाच मूर्तीची ती बहीण शोभते. त्रिविक्रमाचं देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह, आणि त्याच गावात संत गोरोबाकाकांची समाधी. धाराशिवच्या लेण्यांत पार्श्वनाथ आहेत, शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा. न्यूयॉर्क वसायला तगरच्या भरभराटीनंतर दीड हजारांहून अधिक वर्षं लागली!

आणि हे सगळं उत्खननातलंच आहे असंही नाही. उमरग्याकडे कन्नड बोलणारी घरं आहेत, तांड्यावर गोरमाटी चालते, निजामाच्या अमदानीत कचेरीचा कारभार उर्दूत होता. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरच्या वाटेवर पायी निघालेल्या भक्तांत कन्नडही कानावर पडते.

मात्र एवढ्यावरून ‘आमच्याकडे सगळे कायम गुण्यागोविंदाने नांदले’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी इथे गावं लुटली, जाळली. हैदराबाद संस्थानावरच्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्याचा सूड सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता (आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा त्यातच). म्हणजे नुसती शेजारी घरं असून भागत नाही. वेळ आली की शेजाऱ्याच्या बाजूने उभं राहावं लागतं.

जानेवारी २०२० मध्ये तशी वेळ आली. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष नको, असा ओरडा झाला. तरीही ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिव शहरातच, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याच अध्यक्षतेखाली भरलं. आपल्या जिल्ह्याने मिरवावं असं हे आहे, आणि आपण ते पुरेसं मिरवत नाही.

शेजाऱ्याच्या बाजूने उभं राहणं आठवणींतही दिसायला हवं. दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत रझाकार येतात, त्यानंतर मारले गेलेले क्वचितच. यंदा वक्त्यांनी दोन्ही सांगावं.